मूळ संपेपर्यंत

उज्जैन, १९ फेब्रुवारी

मुक्ता,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, आणि तुझ्या आईंना विचारलं की "ती झोपलीय" एवढंच उत्तर मिळतं. सकाळी झोपलेली, दुपारी झोपलेली, संध्याकाळीही झोपलेली. परवा मी त्यांना म्हणणार होतो की बाळंतीण आहे की कुंभकर्ण, पण त्यांच्या आवाजावरून ती वेळ थट्टेची दिसली नाही. म्हणून पत्र. कुरिअरच्या दुकानातला माणूस पत्ता वाचून म्हणाला, "इंदौर? अरे सर, खुद ही दे आओ. घंटे भर का तो रास्ता है." मी म्हटलं, आप भेज दो. आपल्या गॅलरीतून नानाखेड्याचा बसस्टँड दिसतो, आणि दिवसभर तिथे "इंदौर, इंदौर, इंदौर" असा ओरडा चालू असतो. इतकी वर्षं तो मला कधी ऐकू आला नव्हता. आता दात घासतानासुद्धा येतो.

मी काय केलं ते एकदा सरळ लिहितो, म्हणजे तुला वाटतंय तेवढं ते वाईट नाही हे तुझ्या लक्षात येईल. शुक्रवारी आपल्याला मुलगी झाली. त्या वेळी मूळ नक्षत्र चालू होतं. मुळावर जन्मलेल्या बाळाचं तोंड बापाने सत्तावीस दिवस पाहायचं नसतं. मग शांती करतात, काशाच्या वाटीत तेल घालतात, बाप आधी त्या तेलात बाळाचा चेहरा पाहतो आणि मग समोरासमोर. आता हे मी मानतो का? मी पॉलिटेक्निकमध्ये पोरांना मेकॅनिक्स शिकवतो. चंद्र कुठल्या नक्षत्रात आहे हे पाहून पूल पडत नाहीत, एवढं मला कळतं. पण अक्का जुनं माणूस. माझ्या या आईने एकटीने मला वाढवलं, आजवर माझ्याकडे काही मागितलं नाही. तिच्या मनाला रुखरुख नको, म्हणून सिस्टरने बाळ बाहेर आणलं तेव्हा मी जरा बाजूला झालो. एवढंच घडलं.

तू दवाखान्यातून आपल्या घरी न येता आई-बाबांच्या गाडीत बसून सरळ इंदूरला गेलीस. इकडे अक्का दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती, तुम्हा दोघींवरून ओवाळून टाकायला. बराच वेळ उभी होती. शेवटी तो तुकडा तिने कुत्र्याला घातला आणि आत जाऊन पडली. हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. म्हणजे, थोडं टोचावं म्हणूनही लिहितोय.

आणि दवाखान्यात पोचायला उशीर झाला त्याबद्दल बाबा जे बोलले, ते मला लागलं. शिवरात्र दोन दिवसांवर, गावात माणूस मावत नव्हता, सिंहस्थाच्या नावाने निम्मे रस्ते खोदलेले. गाडी उडवत नेऊ का? डॉक्टरबाईंनी बाळाला दोन दिवस काचेच्या खोलीत ठेवलं, पण आता ती ठणठणीत आहे असं आई म्हणाल्या. मग झालं तर.

सत्तावीस दिवस म्हणजे काय गं, एका पगारापासून दुसऱ्या पगारापर्यंत. शांती झाली की मी घ्यायला येतो. पाळणा जोडून ठेवलाय. एक स्क्रू उरला, तो कुठला हे काही सापडत नाही.

आल्हाद


उज्जैन, २५ फेब्रुवारी

मुक्ता,

काल बारसं झालं. मला कळलं ते अक्का संध्याकाळी घरी आली तेव्हा. सकाळी ती "देवळात जाऊन येते" म्हणाली होती. नवी नऊवारी नेसून, हातात पिशवी घेऊन कुणी देवळात जातं का, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. ती सरळ खाली उतरली, बसमध्ये बसली आणि तुमच्याकडे आली. गुडघे दुखतात म्हणून जी बाई भाजीलासुद्धा जात नाही, ती.

मी विचारलं, "बारसं झालं?"

"झालं."

"कशी आहे?"

"चांगली आहे."

"नाव काय ठेवलं?"

अक्का पायातल्या चपला काढत होती. म्हणाली, "पोरगी तुझी आहे ना? मग जाऊन विचार. मी काय पोस्टमन आहे का?"

मी हसलो, मला वाटलं ती मजा करते आहे. ती मजा करत नव्हती. रात्री पुन्हा विचारलं तर ताट सरकवून उठली. मुक्ता, आपण नावाचं ठरवलंच नव्हतं. तू म्हणायचीस, आधी तोंड बघू, मग तिला काय शोभतं ते कळेल. तेव्हा ते मला किती गोड वाटलं होतं.

आज डिपार्टमेंटमध्ये सुमीतने सगळ्यांसमोर विचारलं, "सर, बिटिया का नाम क्या रखा?" मी काय सांगणार, की मला माहीत नाही? तोंडात आलं ते सांगितलं, अहल्या. लगेच सगळे म्हणाले, वा, क्या नाम है, इंदौर का नाम रोशन करेगी. दुपारी कॅन्टीनवाल्याने अहल्येच्या नावाने गुलाबजाम दिले. मी ते खाल्ले. अशी मुलगी अस्तित्वात नाही आणि मी तिच्या आनंदाने गुलाबजाम खाल्ले.

तेव्हा मागच्या पत्रातलं एक वाक्य तू खोडून टाक. अक्काच्या मनाला रुखरुख नको म्हणून मी बाजूला झालो, असं मी लिहिलं होतं. अक्काने मला काही सांगितलं नव्हतं. तू बाळंतपणाच्या टेबलवर होतीस, दार उघडं होतं, तुला तिथून किती दिसलं आणि किती ऐकू आलं मला माहीत नाही. सिस्टर म्हणाली, "पापा, देखो तो सही, लक्ष्मी आई है." अक्का माझ्या शेजारीच होती. ती म्हणाली, "आल्हाद, बघ रे." दोनदा म्हणाली. आणि मी भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर लसीकरणाचा तक्ता होता, तो मी वाचत उभा राहिलो.

सिस्टरला वाटलं, मुलगी झाली म्हणून मी तोंड फिरवलं. ती अक्काला म्हणाली, "आजकल भी ऐसे लोग हैं, माताजी." अक्काने ते ऐकून घेतलं. मला वाटतं तुलाही तसंच वाटलं असेल. मुक्ता, ते मात्र नाही. ते खरंच नाही. मला मुलगीच हवी होती हे तुला माहीत आहे.

मग काय होतं ते लिहायला बसलो आहे, पण आज जमत नाही.

आल्हाद


उज्जैन, ५ मार्च

मुक्ता,

होळी झाली. खालच्या पोरांनी दारावर रंगाचे हात उमटवून ठेवलेत. मी खाली गेलो नाही.

तू मला लग्नाआधी विचारलं होतंस की तुम्ही पत्रिका का पाहत नाही. मी म्हटलं होतं, माझा विश्वास नाही. तुझ्या बाबांना तर मी एवढं मोठं भाषण दिलं की ते म्हणाले, असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही. तू मैत्रिणींना सांगत सुटलीस. कितीदा तरी मला वाटलं की तुला खरं सांगावं. पण कौतुक फार गोड असतं, आणि मी गोडखाऊ.

पत्रिका मी दाखवली नाही कारण माझा जन्मही मुळावरचा आहे.

माझे वडील अण्णा शाळेत शिकवायचे, हे तुला ठाऊक आहे. आजोबांनी शांतीचा मुहूर्त काढून आणला तेव्हा अण्णा म्हणाले, हे सगळं थोतांड आहे. ते तडक आत गेले आणि मला उचललं. सगळ्यांच्या देखत. घरात चार दिवस कुणी कुणाशी बोललं नाही म्हणतात. मी पहिलीत असताना अण्णा स्कूटरवरून येत होते, आणि देवास रोडला ट्रकने त्यांना उडवलं. हेही तुला ठाऊक आहे. पुढचं नाही.

तेराव्याला घर भरलं होतं. मी पंगतीत बसलो होतो. माझी आत्या वाढत होती. माझ्या पानापाशी आली आणि थांबली, आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "हाच तो. मुळावरचा. बापाला खाल्लं आणि आता बासुंदी खातोय." मी वाटी तशीच ठेवली. तू हसतेस ना की मी बासुंदी खात नाही, दूध पचत नाही म्हणून सांगतो? मला दूध चांगलं पचतं.

नंतरही कुणी ना कुणी म्हणायचं. मुंजीत, लग्नांत, कधी दारामागे, कधी तोंडावर. अक्का यातलं कधी काही बोलली नाही. अण्णांचं नाव काढलं की ती उठून कामाला लागायची. आणि मी असा अर्थ लावला की तिलाही तसंच वाटतं, फक्त ती आई आहे म्हणून म्हणत नाही. इतकी वर्षं मी तिच्या हातचं जेवलो आणि मनात हे धरून बसलो.

म्हणून, मुक्ता, मी मरेन म्हणून मी तोंड फिरवलं नाही. तसा मी भित्रा आहेच, पण ते नाही. माणूस कधीतरी मरतोच. ट्रक असतात, ताप येतात. पण उद्या मला काही झालं आणि कुणी तिच्या पानापाशी उभं राहून ते वाक्य म्हटलं तर? तेव्हा निदान तिला सांगता यावं की बाबांनी सगळं रीतसर केलं होतं. तुझ्यावर काही नाही. मला हे सांगणारं कुणी नव्हतं.

हे वाचून तुझा राग थोडा कमी होईल असं मला वाटतं आहे, हेही लिहून टाकतो. लिहितानाच मनात आलं. म्हणजे मी अजूनही माझीच वकिली करतो आहे.

तिचं नाव काय आहे?

आल्हाद


उज्जैन, ११ मार्च

मुक्ता,

शुक्रवारी शांती करायची म्हणून आज गुरुजी सामानाचं सांगायला आले होते. तू येणार नाहीस हे माहीत असून मी त्यांना बोलावलं. माझं म्हणणं, तयारी तर असू दे. त्यांनी जन्माची वेळ विचारली, ती मी सांगितली. त्यांनी पंचांग उघडलं, बोटं मोजली आणि म्हणाले, "अहो, हा तर चौथा चरण. मुळाचा शेवटचा. यात वडिलांना काही दोष नसतो, उलट शुभच म्हणतात. शांती करू आपण, रीत म्हणून. पण तोंड-बिंड पाहिलं असेल ना तुम्ही?"

मी म्हटलं, "नाही."

"का बरं?" ते म्हणाले.

मुक्ता, मला अंधश्रद्धासुद्धा धड पाळता आली नाही. ज्याला मी इतका घाबरलो ते मी नीट वाचलंही नव्हतं. आणि चौथा चरण नसता, पहिला असता, तरी काय? मी तेव्हाही भिंतच वाचली असती.

गुरुजी गेल्यावर अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली. मला वाटलं शांतीचं विचारील. ती म्हणाली, "मी परवा मुक्ताच्या आईला, विजयाबाईंना, फोन केला होता. रस्ता खोदलेला म्हणून उशीर झाला असं तू सांगितलंस, म्हणाल्या. मग काल मी रिक्षा केली आणि इथून दवाखान्यापर्यंत जाऊन आले. रस्ता सीधा आहे. कुठे खोदलेला नाही, कधी नव्हता. रिक्षावाल्यालाही विचारलं." आणि माझ्याकडे बघत राहिली. "तू टावर चौकात गाडी का घातलीस?"

तिला सांगितलं. आता तुला सांगतो. हे तुला माहीत नाही, आणि हे समजल्यावर तू पत्रं वाचणं बंद केलंस तर मी काही म्हणणार नाही.

त्या दिवशी तू ओट्यापाशी पोहे धूत होतीस. ओट्याची कड धरून उभी राहिलीस आणि हसत म्हणालीस, "अरे, पाणी गेलं. निघाली वाटतं ही." मी तुला खुर्चीत बसवलं आणि डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पाणी गेलंय ना, मग लगेच घेऊन या. फोन ठेवून मी तुला सांगितलं, "डॉक्टर म्हणतात घाई नको. पहिलटकरणीला वेळ लागतो." हे मी सांगितलं. त्या तसं म्हणाल्या नव्हत्या.

कारण फोन करायच्या आधी मी पंचांग पाहिलं होतं. मूळ दुपारी चारच्या पुढे संपत होतं. मला वाटलं, थोडंसंच तर ओढायचं आहे. निसर्गाला थोडं थांबवायचं.

मग तू कळ आली की माझं मनगट धरायचीस आणि मी मोबाइलकडे बघायचो. तुला वाटत होतं मी दोन कळांमधलं अंतर मोजतोय. तू अक्काला म्हणालीससुद्धा, "बघा, किती शांत आहे हा." मी मोजत होतो ते मूळ संपायला किती उरलंय ते. तू म्हणालीस, मला वाटतं आता निघू या. मी चहा टाकला. तू पुन्हा म्हणालीस, तेव्हा मी गाडीची किल्ली शोधली. किल्ली माझ्या खिशात होती.

गाडीत तू मागे अक्काच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होतीस. मी देवास रोडचा सरळ रस्ता सोडला आणि फ्रीगंजकडे वळलो. अक्का म्हणाली, "इकडून कुठे?" मी म्हटलं, पलीकडे खोदलंय. टावर चौकात नेहमीसारखी गर्दी होती, आणि तेवढ्यानेही माझं भागलं नाही. मी गाडी बाजूला घेऊन नारळपाणी घ्यायला उतरलो. तू म्हणालीस, "मला नकोय रे, चल ना." मी म्हटलं, ताकद येईल. नारळवाल्याने नारळ फोडला. मी म्हटलं, भैया, ये नहीं, पानीवाला दो. त्याने दुसरा फोडला. मी उभा होतो. मागे वळून पाहिलं तर काचेतून तुझा हात दिसत होता, सीटचं कव्हर मुठीत धरलेला. तेव्हा मी पळत आलो. नारळ तिथेच राहिला.

पण तोवर व्हायचं ते झालं होतं. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि त्यांचा चेहराच बदलला. बाळाने पोटातच शी केली होती, ठोके खाली जात होते. त्यांनी डोक्याला व्हॅक्यूमची वाटी लावून तिला ओढून काढलं. बाहेर मी उभा होतो. तुझं ओरडणं ऐकू येत होतं, मग ते थांबलं, आणि बाळाचं रडणं काही येईना. मी किती वेळ तसा उभा होतो मला सांगता येणार नाही. त्या वेळात मी घड्याळ पाहिलं नाही, पंचांग पाहिलं नाही. फक्त म्हणत होतो, रड. मुळावर रड, कशावरही रड, पण रड. मग ती रडली. आणि सिस्टरने तिला बाहेर आणलं, आणि मी भिंतीकडे वळलो.

भीती होती हे मागच्या पत्रात लिहिलं. ती खरी. पण त्या क्षणी भीतीपेक्षा लाजच जास्त होती. मी काय करून बसलो ते मला कळलं होतं, आणि तिच्या तोंडाकडे बघायची माझी छाती होईना. मुळाचं निमित्त आयतं मिळालं.

डॉक्टरबाई मला नंतर म्हणाल्या, "थोडा पहले आ जाते." मी म्हटलं, ट्रॅफिक था.

अक्काने हे सगळं उभ्या उभ्या ऐकलं. मी तिला विचारलं, जे कधी विचारलं नव्हतं. "अक्का, तुलाही वाटतं का, की अण्णा माझ्यामुळे गेले?"

ती एकदम खाली बसली. म्हणाली, "कोण म्हणालं तुला?" मी आत्याचं सांगितलं. तिला ते माहीतच नव्हतं. तेराव्याला ती आतल्या खोलीत होती. ती म्हणाली, "तू इतकी वर्षं हे घेऊन फिरतोस? आणि मला वाटायचं अण्णांचा विषय निघाला की तुला रडू येतं, म्हणून मी काढत नव्हते."

जरा वेळाने ती म्हणाली, "त्यांनी तुला उचललं ते खाली म्हणून ठेवलं नाही. शाळेतून आले की आधी तू, मग चहा. मी ओरडायचे, हात तर धुवा. जितकी वर्षं मिळाली तितकी मन भरून पाहून घेतलं त्यांनी तुला. आणि तू, तुझी पोरगी घंटाभरावर आहे, आणि तू आपल्या हाताने दिवस फुकट घालवतोस? तुला अण्णांचं काहीच कसं आलं नाही रे?"

गुरुजींना मी फोन करून शांती नको म्हणून सांगितलं. हे पत्र आता टाकतो. तू वाचलंस की तुला विचार करायला वेळ हवा, म्हणून मी दोन-तीन दिवस थांबणार होतो. पण थांबणं मला फार चांगलं जमतं हे आता आपल्याला माहीत आहे. उद्या येतो. दार उघडायचं की नाही ते तू ठरव.

आल्हाद


उज्जैन, १४ मार्च

मुक्ता,

परवाचं सगळं तुझ्या समोरच झालं, तरी लिहितो. कारण तू माझ्याकडे बघत नव्हतीस आणि मी काय पाहिलं ते तुला ठाऊक नाही.

बाबांनी दार उघडलं. इतकी वर्षं "अरे आल्हाद, ये ये" म्हणणारे ते, "या, आल्हादराव" म्हणाले आणि पेपर घेऊन आत गेले. आईंनी स्वयंपाकघरातून पाहिलं आणि नळ सोडला. तू पलंगावर बसली होतीस. अंगावर शाल, केस बांधलेले, डोळ्यांखाली काळं. मी म्हटलं, "पत्र वाचलंस ना?" तू म्हणालीस, "कुठलं? होळीनंतरचं वाचलं."

पत्र अजून पोचलंच नव्हतं. मला वाटलं होतं, ते माझ्या आधी जाऊन सगळं सांगून ठेवील आणि मी फक्त मान खाली घालून उभा राहीन. आता ते तोंडाने सांगायचं होतं. एक क्षण मनात आलं, नको सांगायला. पत्र आलं की वाचेल तेव्हा वाचेल, आज फक्त बाळ बघू. मुक्ता, हेही मनात आलं, एवढं होऊन.

मी सांगितलं. पत्रात जसं ओळीने होतं तसं नाही जमलं. नारळाचं आधी सांगितलं, फोनचं नंतर. सगळं झाल्यावर तू एकच विचारलंस, "मी चल म्हणत होते, ते तुला ऐकू येत होतं?"

मी म्हटलं, "हो."

तू मान हलवलीस. रडली असतीस, ओरडली असतीस, तर मला सोपं गेलं असतं. तू उठलीस, आतल्या खोलीतून तिला घेऊन आलीस आणि तोंडावरचं दुपटं बाजूला केलंस. म्हणालीस, "बघ."

मी पाहिलं. मी मनात तिचा चेहरा इतक्यांदा रंगवला होता, तुझं नाक, अण्णांचं कपाळ. त्यातलं काहीच नव्हतं. ती आपल्यापैकी कुणासारखीच दिसत नव्हती. एक अगदी नवीन माणूस. तोंड उघडं टाकून झोपलेलं, वरच्या ओठावर दुधाचा पांढरा डाग, आणि एक भुवई दुसरीपेक्षा वर. मला तिच्याबद्दल काहीही माहीत नव्हतं. तू म्हणालीस, "डोक्याला वाटीने टेंगूळ आलं होतं. एवढं. आता उतरलं. तू पाहायला हवं होतंस." तेव्हा मला खरं रडू आलं. तिचं जे काही उतरून गेलं, बदलून गेलं, नाळ पडली, अंगावरची लव गेली, ते सगळं आता मला कधीच दिसणार नाही.

मी विचारलं, "नाव?"

"ईरा," तू म्हणालीस.

मी तिला हाक मारून पाहिली. तिने डोळे उघडले नाहीत. मी हात पुढे केले, आणि तू तिला माझ्या हातात दिली नाहीस. म्हणालीस, "आता जा, आल्हाद. मला अजून तुझ्याबरोबर गाडीत बसता येणार नाही." मी निघालो. बाबांनी जिन्यापर्यंत येऊन चप्पल दाखवली, कारण मला ती समोर असून दिसत नव्हती.

घरी आल्यावर अक्काने तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "ईरा. समजलं ना आता?" आणि मग कुकर लावला.

तू परत कधी येशील हे मी विचारत नाही. येशील का हेही विचारत नाही. पत्र मात्र लिहीत राहीन, वाचलंस तर वाच.

आल्हाद


उज्जैन, २५ मार्च

मुक्ता,

कॉलेजात सुमीतला सांगितलं की नाव अहल्या नाही, ईरा. तो म्हणाला, "बदल दिया, सर?" मी म्हटलं, नहीं, मुझे पता नहीं था. त्याने विषय बदलला. आता डिपार्टमेंटभर काय काय चालू असेल ते असो. खोटं बोलून गुलाबजाम खाण्यापेक्षा हे बरं.

पाळण्याचा तो स्क्रू खालच्या दांडीचा निघाला. म्हणजे मी पाळणा चुकीचाच जोडला होता. सगळा उकलून पुन्हा जोडला.

आणि आज, तू गेल्यापासून पहिल्यांदा, तुझा मेसेज आला. वर्गात होतो. पोरांसमोर मोबाइल काढायचा नाही असा नियम मीच केलेला, आणि मीच काढून वाचत उभा राहिलो. तू लिहिलं आहेस: "ईराची दीड महिन्याची लस शुक्रवारी सकाळी. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, गाडी चालवता येणार नाही. तू ने. वेळेवर ये."

ह्यात माफी नाही हे मला समजतं. तू रिक्षा करू शकली असतीस हेही समजतं. मी उत्तर लिहायला घेतलं, चार वेळा खोडलं, आणि शेवटी "येतो" एवढंच पाठवलं. बाकीचं ह्या पत्रात, ते मीच हातात घेऊन येतोय.

अक्का डब्यात डिंकाचे लाडू भरते आहे. मी कपडे भरले, गाडीत हवा भरून आणली. तुमच्या घराजवळ ती लॉज आहे ना, पेट्रोलपंपाच्या वर, तिथे खोली सांगून ठेवली आहे. तुमच्या दाराशी मी शुक्रवारी सकाळीच येईन, त्याआधी नाही. घाबरू नकोस.

शुक्रवार परवा आहे, हे मला माहीत आहे. मी आज निघतो.

आल्हाद